भाचीची एमआरची मुलाखत : प्रकल्प नोंदी

२४ ऑक्टोबर २०२५, दारव्हा

काल भाऊबीज झाली. ओवाळून झाल्यावर बहिणीनं साडी बाजूला ठेवली आणि थेट कामाचं बोलली. भाचीला एका औषध कंपनीकडून एमआरच्या, म्हणजे डॉक्टरांना कंपनीची औषधं सांगत फिरणाऱ्या मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हच्या, जागेसाठी बोलावणं आलं आहे. हेडक्वार्टर (जिथे राहून फिरायचं ते गाव) यवतमाळ, मुलाखत १५ नोव्हेंबरला नागपुरात. "तुया दुकानात रोज एमआर येतेत, तुले सारं माहीत आहे. हिले तयार करून दे."

सारं काही माहीत नाही. मी केमिस्ट, एमआर मला काउंटरच्या अलीकडून दिसतो. पण कोण वर्षभरात बॅग टाकून जाणार आणि कोणाचा ब्रँड डॉक्टरच्या हातात बसणार, हे इथूनच जास्त नीट कळतं असं माझं मत आहे.

भाची बी.एस्सी., विषय सूक्ष्मजीवशास्त्र. त्यानंतर यवतमाळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी. म्हणजे एचबीएवनसीचा (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) आकडा काय सांगतो, कल्चरचा (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट कसा वाचायचा, हे तिला येतं. बऱ्याच नव्या एमआरना येत नाही. वहीच्या पहिल्या पानावर जमेची बाजू म्हणून लिहून घेतलं.

तिची आतापर्यंतची तयारी मोबाइलमध्ये आहे. इंग्रजीतले प्रश्न आणि गुळगुळीत उत्तरं, सगळी तोंडपाठ. पाच वर्षांनी मी कुठे असेन वगैरे. असू देत, त्याचं ओझं नाही.

२५ ऑक्टोबर

सकाळपासून तिला काउंटरवर बसवलं. वहीत रकाने आखून दिले: औषध, ताकद, किती दिवसांचं लिहिलं, किती नेलं. पेशंटचं नाव लिहायचं नाही, ही पहिली अट.

कंपनीवाले याला आरसीपीए म्हणतात, म्हणजे रिटेल केमिस्ट प्रिस्क्रिप्शन ऑडिट. एमआर येतो, "अमुक डॉक्टरांचं सध्या काय चाललंय?" विचारतो, मी सांगतो, तो टिपून घेतो. त्यांच्या टिपणात शेवटचा रकाना मात्र नसतो. तो मी घातला.

दुपारपर्यंत तिच्या लक्षात आलं. पाच दिवसांचं अँटिबायोटिक लिहिलेलं, नेलं दोन दिवसांचं. बीपीची गोळी महिनाभराची, नेल्या पत्त्यातल्या (स्ट्रिपमधल्या) पाच कापून. "मामा, डॉक्टरनं लिहिलं म्हणजे खपलं असं नाही न मंग." हेच तर. चिठ्ठी मिळाली की अर्धी विक्री झाली. उरलेली अर्धी इथं कात्रीखाली होते. हप्ता अजून मिळाला नाही, सोयाबीनचे पैसे अडत्याकडे आहेत, कापूस वेचायचा आहे, आणि गोळी मात्र आजच हवी आहे. अशा माणसासमोर पूर्ण पत्त्याची किंमत सांगून उपयोग नसतो.

म्हणून ठरवलं, तयारी एकाच प्रश्नावर उभी करायची: एका दिवसाचं औषध पेशंटला कितीला पडतं, आणि तेवढे पैसे कोणाच्या खिशात असतात? बाकीचं सगळं या खुंटीला टांगायचं.

कापायची रीतही शिकवली. बॅच नंबर आणि एक्स्पायरी छापलेलं टोक शेवटपर्यंत दुकानात राखायचं. आणि टेल्मिसार्टनची (बीपीची) गोळी पाकिटातून काढून कागदाच्या पुडीत कधी द्यायची नाही, ती हवेतला ओलावा ओढते. कापलेला कप्पा बंदच गेला पाहिजे. हे मुलाखतीत विचारणार नाहीत, पण एमआरला ठाऊक असावं.

२८ ऑक्टोबर

कंपनीची प्रॉडक्ट लिस्ट मोठी आहे. सगळी पाठ करत बसली होती, थांबवलं. दारव्हा, दिग्रस, आर्णी भागातल्या जनरल प्रॅक्टिसमध्ये रोज फिरणारी मोजकीच निवडली: अँटिबायोटिक अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड, ॲसिडिटीचं पँटोप्राझोल, टेल्मिसार्टन, शुगरचं ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन आणि रक्तवाढीचं आयर्न-फॉलिक ॲसिड.

पहिलं तिनं मलाच समजावलं. काही जंतू बीटा-लॅक्टमेज नावाचं विकर तयार करतात आणि अमॉक्सिसिलिन तोडून टाकतात; क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड त्या विकराला अडवतं. ६२५ च्या गोळीत ५०० आणि १२५ मिलिग्रॅम ही वाटणी त्यासाठीच. लॅबमध्ये तिनं अशा प्लेटा पाहिल्या आहेत, त्यामुळे सांगताना चेहऱ्यावर पाठांतर नव्हतं. मी म्हटलं, नागपुरात हे असंच सांग. लॅबमधून आलेली मुलगी जंतूबद्दल बोलते तेव्हा ऐकणारा मोबाइल खाली ठेवतो.

पँटोप्राझोल लवकर उरकलं. जेवणाआधी अर्धा तास, गोळी तोडायची नाही कारण वरचं आवरण जठरातल्या आम्लापासून वाचवतं. यात पुढे बोलण्यासारखं काही नाही. सगळ्या कंपन्या तेच बोलतात आणि डॉक्टर तेच ऐकून कंटाळतात.

३० ऑक्टोबर

आजचा दिवस शुगरच्या गोळीवर गेला, आणि जायलाच हवा होता.

मेटफॉर्मिन यकृतातून साखर तयार होणं कमी करतं, ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. एवढं पुस्तकात आहे. मी तिला विचारलं, "आता वेचणीचे दिवस आहेत. बाई सकाळी गोळी घेते, नुसत्या चहावर वावरात जाते, भाकरी सोडते दुपारी. काय होईल?"

थोडा वेळ गेला. "साखर उतरंल. घाम, थरथर, चक्कर."

"आणि घरचे काय म्हणतील?"

"ऊन लागलं म्हणतील."

मग ती गोळी बंद होते, कारण "त्या गोळीनं चक्कर येते". डॉक्टरनं लिहिलेलं असतं, माझ्याकडे माल असतो, बाई घ्यायला येत नाही. ग्लिमेपिराइड न्याहारीसोबत किंवा दिवसाच्या पहिल्या मुख्य जेवणासोबत घ्यायचं, पोटात काही नसताना नाही, हे वाक्य एमआरनं डॉक्टरला वेचणीच्या हंगामात आठवणीनं सांगायला हवं. माझ्या दुकानात येणाऱ्यांपैकी क्वचितच कोणी स्वतःच्या औषधाचा धोका स्वतःहून काढतो. जो काढतो, त्याच्या बाकीच्या बोलण्यावर डॉक्टर विश्वास ठेवतो, आणि मीही ठेवतो.

भाचीनं टेल्मिसार्टनच्या पानावर न सांगता लिहून घेतलं: गरोदरपणात द्यायचं नाही. शिकते आहे.

१ नोव्हेंबर

हिशेब. इथं बी.एस्सी. झालेली पोरंही गडबडतात, आणि साहेब लोक नेमकं हेच विचारतात.

आधी स्टॉकिस्टचं, म्हणजे कंपनीचा माल दुकानांना पुरवणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याचं, गणित. महिन्याच्या सुरुवातीला त्याच्याकडे १२० पत्ते होते, कंपनीकडून ३०० आले, अखेरीला ९० उरले. तर बाजारात गेले ३३०. कंपनी ते स्टॉकिस्ट ही प्रायमरी, स्टॉकिस्ट ते दुकान ही सेकंडरी. महिनाअखेरीस टार्गेटसाठी प्रायमरी फुगवतात, माल गोदामात पडतो, आणि काही महिन्यांनी एक्स्पायरीचा ढीग परत फिरतो. "साहेबांनी क्लोजिंग स्टॉक, म्हणजे महिनाअखेरी उरलेला माल, विचारला तर खूश हो," मी म्हटलं, "तो माणूस कामाचा आहे."

मग किमतीचं. कंट्रोलमध्ये (सरकारी किंमत नियंत्रणात) नसलेल्या औषधाचा एक दहा गोळ्यांचा पत्ता धरला, छापील किंमत १०५ रुपये. ५ टक्के जीएसटी काढला, १०० उरले. दुकानदाराचे २० टक्के गेले, ८० ला मला पडला. त्यातले स्टॉकिस्टचे १० टक्के गेले, ७२ ला त्याला पडला. राष्ट्रीय अत्यावश्यक यादीतल्या औषधांना हे प्रमाण १६ आणि ८ टक्के असतं. २०२२ च्या त्या यादीत ३८४ औषधं आहेत आणि त्यांची कमाल किंमत २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली एनपीपीए ही सरकारी संस्था ठरवते. यादीबाहेरच्या औषधाची किंमत कंपनीला वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवता येते.

२२ सप्टेंबरच्या आधी बहुतेक औषधांवर १२ टक्के जीएसटी होता. तोच पत्ता तेव्हा ११२ चा. रोज एक गोळी धरली तर दिवसाला सत्तर पैसे, महिन्याला एकवीस रुपये वाचले. जुन्या छापाचा माल परत मागवायची सक्ती नव्हती, नवीन दरानं विकायची होती, म्हणून सध्या पत्त्यावर एक आकडा आणि बिलात दुसरा. रोज कोणी ना कोणी विचारतं, "टीव्हीवर स्वस्त झालं म्हणत होते, पत्त्यावर तं तेच हाय?" भाचीला आज मुद्दाम अशा तिघा-चौघांशी बोलायला लावलं. तिसऱ्या गिऱ्हाइकापर्यंत तिचं समजावणं निम्म्या शब्दांत आलं होतं.

३ नोव्हेंबर

भाची गावी गेली, वेचणीला मजूर मिळत नाहीत. काम बंद.

५ नोव्हेंबर

टूर प्रोग्रॅम. यवतमाळ हेडक्वार्टर म्हटलं की मुलाखतीत विचारतातच, महिना कसा फिरशील?

तिनं कालच एक कागद करून आणला होता. त्यात सोमवारी आर्णी, मंगळवारी वणी, बुधवारी दिग्रस. मोठ्या गावांना आधी घेतलं, म्हणाली. दुकानात एक जुना एमआर चहाला बसला होता, चौदा-पंधरा वर्षं याच पट्ट्यात काढलेला. त्यानं कागद पाहिला आणि हसला नाही, ही त्याची मोठी गोष्ट. पेन मागितलं आणि गावं नव्हे, रस्ते काढले. यवतमाळ–दारव्हा–दिग्रस–पुसद हा एक रस्ता. यवतमाळ–आर्णी–महागाव–उमरखेड हा दुसरा, नांदेडकडे जाणारा. पांढरकवडा–मारेगाव–वणी तिसरा. नेर आणि घाटंजी जाऊन येऊन. पुसद-उमरखेड आणि वणीकडे मुक्काम, बाकी संध्याकाळी घर.

मग त्यानं प्रत्येक गावापुढे आठवडी बाजाराचा वार लिहायला लावला. बाजाराच्या दिवशी डॉक्टरकडे खेड्यापाड्यातून गर्दी येते. त्या दिवशी केबिनमध्ये घुसणारा एमआर शिव्या खातो. पण तोच दिवस केमिस्टकडे आरसीपीएला सगळ्यात चांगला, चिठ्ठ्यांचा पाऊस असतो. म्हणजे बाजाराच्या गावी डॉक्टरला दुपारी उशिरा गाठायचं, आधी दुकानं करायची. दिवसाला साधारण दहा-बारा डॉक्टर आणि त्याच्या निम्मे केमिस्ट धरतात. तेवढे कागदावर सहज होतात, पुसदच्या रस्त्यावर होत नाहीत, असं तो म्हणाला.

तो गेल्यावर भाचीनं विचारलं, एवढं माहीत असून हे काका अजून एमआरच कसे? मी म्हटलं, मॅनेजर केलं होतं, यवतमाळ सोडावं लागत होतं म्हणून त्यांनीच नको म्हटलं. यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

८ नोव्हेंबर

नियम. औषधनिर्माण विभागानं १२ मार्च २०२४ ला मार्केटिंगची समान संहिता काढली, तिला यूसीपीएमपी म्हणतात. मुलाखतीत एक प्रश्न यावर येणारच. तिनं टिपण केलं, मी तपासलं:

डॉक्टरला किंवा त्याच्या घरच्यांना भेटवस्तू नाही. माहितीपर वस्तू चालते, एकीची किंमत १,००० रुपयांच्या आत. सॅम्पल एका औषधाचे एका डॉक्टरला वर्षात बारा पॅकपर्यंत, आणि एका पॅकमध्ये तीन पेशंटच्या कोर्सपेक्षा जास्त नाही. कंपनीनं वर्षभरात वाटलेल्या सॅम्पलची किंमत तिच्या देशातल्या विक्रीच्या २ टक्क्यांच्या आत. "सेफ" हा शब्द नुसता वापरायचा नाही. वर्ष उलटून गेलेल्या औषधाला "नवीन" म्हणायचं नाही. डॉक्टरची भेट मिळवण्यासाठी पैसे द्यायचे नाहीत.

"आणि डॉक्टरच म्हणाले, मले काय देतं, तं?"

खरा प्रश्न. यावर मोबाइलमधलं उत्तर नीतिमत्तेचं व्याख्यान आहे. ते दिलं तर समोरचा मनात हसेल, कारण त्यालाही फील्ड माहीत आहे. आम्ही दोघांनी बसून जमवलेलं उत्तर असं: "सर, वस्तू देता येत नाही. तुमच्या पेशंटनं किती दिवसांची गोळी खरंच नेली, ते दर महिन्याला सांगू शकते, नावाशिवाय." डॉक्टरला हे दुसरं कोणी सांगत नाही. हे उत्तर किती डॉक्टरांना पुरेल? सगळ्यांना नाही. मी तिला तसंच सांगितलं. ज्यांना पुरणार नाही त्यांच्या मागे लागण्यात तुझे दिवस घालवू नकोस, असंही सांगितलं, पण हे मुलाखतीत बोलायचं नाही.

जेनेरिकचा प्रश्नही येईल. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं ऑगस्ट २०२३ मध्ये जेनेरिक नावानंच (ब्रँडऐवजी औषधाच्या मूळ नावानं) लिहिण्याचा नियम काढला आणि त्याच महिन्यात स्थगित केला. जनऔषधीच्या दुकानाला नावं ठेवायची नाहीत, संहितेतही नाही आणि गावातही नाही. तिच्या आजीची बीपीची गोळी तिथूनच येते.

१० नोव्हेंबर

दुकान बंद केल्यावर सराव. मी डॉक्टर, बाहेर गर्दी, हातात स्टेथोस्कोप समजायचा. तिला व्हिज्युअल एडची (औषधाच्या सचित्र माहितीपुस्तिकेची) पानं दाखवत पेन फिरवायचा होता. पहिल्यांदा तिनं पहिल्या पानापासून सुरू केलं. दुसऱ्या पानाला मी बेल वाजवून "पुढचा पेशंट" म्हटलं.

अर्ध्या मिनिटात बसवायचं ठरलं: कोणता पेशंट, हे औषध का, कसं घ्यायचं, दिवसाला किती रुपये. चार वाक्यं. पाचवं वाक्य डॉक्टरनं विचारलं तरच.

नंतर मी आयर्नवर अडवलं. "माझ्याकडे कोलाम पोडांवरून, आदिवासी वस्त्यांवरून, सिकलसेलचे पेशंट येतात. त्यांना तुमचं आयर्न देऊ का?" विदर्भात हा प्रश्न कधीही येऊ शकतो; १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली तेव्हापासून तपासण्याही वाढल्या आहेत. ब्रँड विकायच्या ओढीत नवखा माणूस "हो सर" म्हणून जातो. बरोबर उत्तर असं की सरसकट नाही. तपासणीत लोह कमी निघालं तरच डॉक्टरनं ठरवायचं. या पेशंटमध्ये तांबड्या पेशी फुटतात, रक्त कमी असलं तरी लोह कमी असेलच असं नाही, आणि रक्त चढवत आलेल्यांच्या शरीरात ते उलट साठलेलं असू शकतं. भाचीनं थांबून म्हटलं, "सर, फेरिटिन बघितलं का?" शरीरातल्या लोहाच्या साठ्याची ती तपासणी. लॅब कामी आली. यापुढचं विचारलं तर कंपनीच्या मेडिकल विभागाकडून लेखी आणते म्हणायचं.

भाषेचा प्रश्न तिनंच काढला. नागपुरातले साहेब हिंदीत बोलले तर? हिंदीत बोल. इंग्रजीत विचारलं तर इंग्रजीत सुरू कर, अडलीस तर विचारून मराठीत जा. पण घाबरून "मले-तुले" लपवायच्या नादात मुद्दा हरवू नको.

१२ नोव्हेंबर

जावई, म्हणजे भाचीचे वडील, आले होते. त्यांचा प्रश्न एकच: पुसदला मुक्कामी पोरगी एकटी राहील? मी सांगितलं, विचारण्यासारखं आहे आणि मुलाखतीत तिनंच विचारावं. मुक्कामाचा भत्ता किती, लॉज कंपनी ठरवते की स्वतः शोधायचा, पहिल्या महिन्यांत मॅनेजर सोबत असतो का. हे विचारणारी मुलगी घाबरट ठरत नाही. नोकरीचं गांभीर्य कळलेली ठरते. नेमणुकीचं पत्र लेखी मिळणं हा कायद्यानं दिलेला हक्क आहे, तेही सांगून ठेवलं.

जावयांचं समाधान अर्धंच झालं. गाडीचा विषय मात्र मिटला, तिच्याकडे लायसन्स आहे आणि स्कूटर घरची आहे.

१४ नोव्हेंबर

बॅग भरली. मार्कशीटच्या मूळ प्रती आणि झेरॉक्स, लॅबचं अनुभवपत्र, फोटो, लायसन्स, काउंटरवरची वही. सकाळच्या एसटीनं यवतमाळ, तिथून वर्धा मार्गे नागपूर. आज कोणताही सराव घेतला नाही.

१६ नोव्हेंबर

काल रात्री उशिरा परतली, आज दुकानात येऊन सांगितलं.

दोघे साहेब होते. स्वतःबद्दल सांगा झालं, सेकंडरीचं गणित झालं, तिचं पाठ होतं. पाच वर्षांनी कुठे असाल, हेही विचारलं. मोबाइलमधलं उत्तर दिलं, त्यांनी मान हलवली आणि पुढे गेले.

मग मोठ्या साहेबांनी विचारलं, "यवतमाळ जिल्ह्यात आमची बीपीची गोळी डॉक्टर लिहितात, तरी सेकंडरी उठत नाही. का?" हिनं वही काढली. त्या ब्रँडचा पत्ता पंधरा गोळ्यांचा आहे, बाजूच्या कंपनीचा दहाचा. दिवसाचा खर्च जवळजवळ सारखा, पण काउंटरवर पत्त्याची किंमत ऐकून गिऱ्हाईक म्हणतं, दुसरी स्वस्त द्या, नाहीतर कापून द्या. एकदा कापलेला पत्ता दुकानदाराला संपवावा लागतो, म्हणून तो नवीन मागवायला नाखूश.

साहेब म्हणाले, पॅक बदलणं तुमच्या हातात नाही, माझ्याही नाही. एमआर म्हणून काय कराल? ही म्हणाली, डॉक्टरसमोर पत्त्याची किंमत बोलणार नाही, दिवसाची बोलेन. आणि पंधरा दिवसांनी बीपी दाखवायला बोलवा असं सुचवेन, म्हणजे एक पूर्ण पत्ता आणि एक तपासणी जुळते.

हे मी शिकवलेलं नव्हतं.

दुसऱ्या साहेबांना पटलं नाही. मजूर माणूस पंधरा दिवसांनी येत नाही, म्हणाले. दोघांत त्यावरच थोडी जुंपली आणि ही ऐकत बसली. शेवटी मुक्कामाचा भत्ता तिनं विचारला. आकडा सांगितला, पत्रात येईल म्हणाले.

निकाल अजून नाही. मंगळवारी, १८ तारखेला, फील्डवर बोलावलं आहे. एरिया मॅनेजरसोबत दिवसभर फिरायचं, दारव्हा-दिग्रस रूट. म्हणजे ते माझ्याही दुकानात येणार. मी तिला बजावलं, त्या दिवशी मी तुझा मामा नाही, ओळख दाखवणार नाही, साहेबांना वाटायला नको की सगळं आधीच ठरलेलं आहे.

"ते तं मी काल सांगून टाकलं," ती म्हणाली. "ही वही कुठून आणली विचारलं न त्यांनी."

आता मंगळवारपर्यंत एक्स्पायरीचा खोका समोरून हलवायचा आहे.